घाटवाट उतरल्यावर घरी कसे जायचे, हेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सरत आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून घाटवाटांची माहिती येऊ लागते. पायथ्याचे गाव, चढाईला लागणारा वेळ, पाण्याची टाकी, मुक्कामाची गुहा, सारे त्यात असते. परतीबद्दल मात्र शेवटी एकच ओळ असते: 'तेथून एसटीने मुंबई किंवा पुणे गाठता येते.' एकाच गडावर जाऊन त्याच वाटेने खाली येणाऱ्याला ती पुरते. कळसूबाईपासून भीमाशंकरपर्यंत किंवा तोरण्यापासून रायगडापर्यंतची रांग टप्प्याटप्प्याने चालणाऱ्याला ती मुळीच पुरत नाही. हा माणूस एका जिल्ह्यात डोंगर चढतो आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्याच जिल्ह्यात उतरतो. स्वतःची गाडी नेली तर ती चढल्या जागी पडून राहते. त्याचा सारा भरवसा एसटी, जीप आणि लोकलवर असतो, आणि नेमकी तीच माहिती त्याला कुठे मिळत नाही.

म्हणून हे पत्र, थोडे लांबलचक. आमचे म्हणणे एवढेच आहे की, टप्पा कुठे तोडायचा हे गडावरून ठरवू नका, गाडीवरून ठरवा. त्यातही मुक्कामी गाडी ज्या गावात येते, त्या गावात टप्प्याचा सांधा ठेवा.

मुक्कामी गाडी म्हणजे काय, हे शहरातल्या तरुण वाचकांना सांगावे लागेल. तालुक्याच्या आगारातून संध्याकाळी सुटणारी शेवटची गाडी आतल्या गावाला जाते आणि रात्री तिथेच थांबते. चालक-वाहक गाडीत, समाजमंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात. पहाटे किंवा उजाडता उजाडता तीच गाडी दूधवाले, शाळेची मुले, कोर्टकचेरीची आणि दवाखान्याची माणसे घेऊन तालुक्याला परतते. घाटमाथ्यावरच्या कित्येक वाड्यांचा दिवस या गाडीवर उगवतो. डोंगरात चालणाऱ्याला ती दुहेरी उपयोगाची आहे. संध्याकाळच्या फेरीने गावात जाऊन पहाटे चालायला लागता येते आणि टप्पा संपवून रात्री गावात राहिले तर सकाळी हमखास बाहेर पडता येते. दुपारची फेरी रद्द होऊ शकते, पण मुक्कामाला आलेली गाडी सकाळी गाव सोडणारच, कारण तिला आगारात परत जायचे असते. रविवारी रात्री गाडी गावात उभी दिसली की सोमवारची काळजी मिटली.

रविवार हाच या प्रवासातला सगळ्यात अवघड दिवस आहे, आणि नवख्यांची फसगत इथेच होते. आतल्या गावांच्या फेऱ्या शाळा-कॉलेज, तालुक्याची कामे आणि आठवडी बाजार यांवर बांधलेल्या असतात. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या गाड्या तर विद्यार्थिनींसाठीच दिलेल्या आहेत. शाळा बंद म्हणजे फेरीला प्रवासी नाहीत, आणि प्रवासी नाहीत म्हणजे फेरी नाही. आपल्याला मात्र शनिवार-रविवारचीच सवड असते. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी यांनाही हेच लागू. गणपतीत कोकणासाठी आणि आषाढीला पंढरपूरसाठी जादा गाड्या सोडतात, त्यासाठी ठिकठिकाणच्या आगारांतून गाड्या काढून घेतल्या जातात. निवडणुकीच्या मतदानाआधीचे दोन दिवसही तसेच. त्या काळात नेहमीची फेरी धरून चालू नये. उलट, जवळच्या मोठ्या गावाचा बाजाराचा दिवस असेल तर जीपांची अजिबात वाण पडत नाही. त्यामुळे जमत असेल तर शुक्रवार ते रविवार चालण्याऐवजी शनिवार ते सोमवार चालावे. सोमवारची अर्धी रजा पडते, पण उतरताना घड्याळ मानगुटीवर बसत नाही.

वेळा विचारण्याचीही रीत आहे. इंटरनेटवर सापडणाऱ्या वेळा बहुधा २०२० च्या आधीच्या असतात. आधी टाळेबंदी, मग ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ चा एसटीचा संप, यांत वेळापत्रके पार विस्कटली. ती पाने तशीच राहिली आहेत. चौकशी खिडकीवर 'या गावाला गाडी आहे का' असे विचारले तर 'आहे' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत: गावातून सुटायची वेळ कोणती, रविवारी असते का, मुक्कामी आहे का, आणि गाडी गावात येते की फाट्यावरूनच वळते. हा चौथा प्रश्न लोक विसरतात आणि तीन-चार किलोमीटर डांबरावर चालतात. वेळ नेहमी सुटण्याच्या जागेची सांगितली जाते, मधल्या फाट्यावर ती कधी पोहोचेल ते आपणच ताळा करून काढायचे. घाटरस्त्यावर तासाला पंचवीस-तीस किलोमीटरच धरावेत.

आणखी एक मेख म्हणजे हद्दीची. हरिश्चंद्रगड ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. पाचनईची गाडी अकोले आगारात विचारावी लागते, खिरेश्वरकडची जुन्नर-नारायणगावला, बेलपाड्याकडची मुरबाडला. एका आगाराला दुसऱ्याच्या फेऱ्या ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून चढाईच्या आगारात उतरण्याच्या बाजूची चौकशी करून निघणे म्हणजे न विचारल्यातच जमा.

गावाचे नाव घेताना तालुका सोबत सांगावाच. घाटघर दोन आहेत: एक नाणेघाटाच्या माथ्यावर, जुन्नर तालुक्यात, दुसरे भंडारदऱ्याच्या वर साम्रदजवळ, अकोले तालुक्यात. सिंगापूर नाळ (घाटातली खडी, अरुंद उतरवाट) उतरून रायगडाच्या बाजूला आलात की पायथ्याला दापोली नावाचे छोटे गाव आहे. महाडच्या स्थानकावर नुसते 'दापोलीची गाडी' विचारले तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीच्या फलाटाकडे बोट दाखवले जाईल. कर्जतजवळच्या कोथळीगडाला स्थानिक लोक पेठ म्हणतात, आणि पेठ नावाचा एक तालुकाच नाशिक जिल्ह्यात आहे. गाड्यांच्या पाट्यांवर कुठे 'नगर' तर कुठे 'अहिल्यानगर' दिसेल, गाडी तीच.

आता एक टप्पा नीट उलगडून सांगतो, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड ही तीन दिवसांची प्रसिद्ध चाल. जाताना कसारा लोकलने शेवटपर्यंत जायचे, स्थानकाबाहेर जीप मिळते, तिने घोटी. घोटीहून बारी, शेंडी, राजूर, अकोले असा सरळ रस्ता आहे, त्यामुळे शेंडीपर्यंत वाहनांची ददात नाही. शेंडी म्हणजेच भंडारदरा. पुढे रतनवाडीचा रस्ता धरणाला वळसा घालून जातो आणि तिथे वाहने मोजकीच असतात. पाण्यातून होडीनेही जाता येते, पण वारा सुटला किंवा पाणी उतरले की तो बेत बारगळतो.

हरिश्चंद्रगडावर पोहोचल्यावर खरा प्रश्न उभा राहतो: उतरायचे कुठे? पाचनईची वाट सगळ्यात सोपी, दोन-अडीच तासांत खाली. म्हणून दमलेली माणसे तीच धरतात आणि तिथेच अडकतात. पाचनईहून राजूरला जायचे, राजूरहून घोटीला किंवा संगमनेरला, मग पुढे कसारा, नाशिक किंवा पुणे. प्रत्येक जोड वेगळी, आणि त्यातली पहिली, पाचनई ते राजूर, हीच सर्वांत कच्ची. तोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरायला पाठीवर सॅक असताना साडेतीन ते चार तास लागतात, त्यातल्या कातळटप्प्यावर रेलिंग असले तरी ओल्या खडकावर वेळ जातो. खिरेश्वरहून पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने पाच किलोमीटरवर खुबी फाटा. चाल जास्त, पण फाट्यावर कल्याण-अहिल्यानगर महामार्ग आहे. अडीच-तीन तासांचे जास्तीचे चालणे एका सरळ गाडीच्या बदल्यात स्वस्तच पडते. कोकणात साधले घाटाने बेलपाडा-वाल्हिवऱ्याकडे उतरणे हा तिसरा मार्ग. तो आपल्याला त्याच महामार्गावर, पण माळशेज घाटाच्या खाली नेऊन सोडतो. मुंबईच्या बाजूचे अंतर कमी होते आणि घाटातली कोंडी टळते. मात्र ही वाट वाटाड्याशिवाय आणि पावसाळ्यात करू नये.

खुबी फाट्यावरून हिशेब उलटा करायचा. संध्याकाळी पाचच्या आसपासची कल्याणकडची गाडी धरायची तर चारला फाट्यावर हवे, कारण लांबून येणारी गाडी अर्धा तास आधी येते किंवा तासभर उशिरा. फाट्यापर्यंतचे पाच किलोमीटर शेवटच्या दिवसाच्या पायांनी सव्वा तासाचे. म्हणजे खिरेश्वर पावणेतीनला सोडायचे. त्याआधी उतराईचे चार तास. म्हणजे हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापासून पावणेअकराला पाय निघाले पाहिजेत. सकाळी कोकणकड्यावर जाऊन यायचे असेल तर ते उजाडतानाच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि फाट्यावर पाहता पाहता काळोख होतो. 'बारापर्यंत निघू' म्हणणारे गट अंधारात हात करत उभे राहतात.

फाट्यावर गाडी थांबवणे ही स्वतंत्र विद्या आहे. साधी गाडी हात दाखवल्यावर थांबते. विनाथांबा आणि शिवनेरी थांबत नाहीत, शिवशाहीचाही भरवसा नाही. वळणावर किंवा उतारावर कधीच उभे राहू नये, चालकाला तिथे गाडी आवरता येत नाही. गतिरोधकाच्या किंवा निवाराशेडच्या पुढे वीस पावलांवर, रस्ता दोन्हीकडे सरळ दिसतो तिथे थांबावे. सॅक पाठीवरून काढून पायाशी ठेवावी, कारण दुरून बोचक्यांचा ढीग दिसला की भरलेल्या गाडीचा चालक पुढे काढतो. आठ-दहा जण असाल तर चार-चारच्या गटाने दोन गाड्या धराव्यात. अंधार पडला असेल तर डोक्यावरचा दिवा चालकाच्या डोळ्यांत न मारता स्वतःच्या छातीवर किंवा उंचावलेल्या हातावर पाडावा, म्हणजे माणूस उभा आहे हे कळते.

रविवारी संध्याकाळी कल्याणची गाडी खुबीला येईपर्यंत खचाखच भरलेली असते. दोन गाड्या न थांबता गेल्या तर तिसरीची वाट पाहत बसू नये. उलट्या दिशेची गाडी किंवा जीप पकडून ओतूरला, नाहीतर थेट आळेफाट्याला जावे. आळेफाट्यावर हाच महामार्ग पुणे-नाशिक महामार्गाला छेदतो, रात्री उशिरापर्यंत गाड्यांची ये-जा असते, चहा-जेवण मिळते, उजेड असतो. पुण्याच्या माणसाने तर सुरुवातीलाच आळेफाटा, नारायणगाव हा मार्ग धरावा. मुंबईकराला मागे जाणे जिवावर येते, पण स्थानकावरून बसून सुटणे हे फाट्यावर दोन तास उभे राहण्यापेक्षा शहाणपणाचे. पावसाळ्यात माळशेजमध्ये दरड कोसळली की कल्याणकडची वाहतूक तासन्‌तास, कधी दिवसभर बंद होते. अशा वेळीही आळेफाटा हीच सुटका, तिथून पुण्याला जाऊन रेल्वे किंवा बस धरायची.

तिकिटाबद्दल दोन शब्द. एसटीचे भाडे सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर चालते. मधल्या फाट्यावर चढले तर मागच्या टप्प्यापासूनचे तिकीट लागते, त्यामुळे अंतराच्या मानाने पाच-दहा रुपये जास्त दिसले तर वाहकाशी वाद घालू नये. १७ मार्च २०२३ पासून महिलांना सर्व गाड्यांत अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धे. ज्येष्ठांनी ओळखपत्र सॅकच्या तळाशी न ठेवता वरच्या खिशात ठेवावे. मशीनवर मोबाइलने पैसे देता येतात, पण दरीत रेंज नसली की तेही अडते. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून माणशी पाचशे रुपये सुटे प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे ठेवलेले असावेत. आगाऊ आरक्षण फक्त शेवटच्या मोठ्या टप्प्याचे करावे, उदाहरणार्थ कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीचे. फाट्यावरच्या गाडीचे आरक्षण करून भागत नाही, उतरायला तासभर उशीर झाला की तिकीट वाया.

गाव ते फाटा हा तुकडा बहुधा जीपचा असतो. तिला नाशिक-नगरकडे काळी-पिवळी म्हणतात, सातारा-कोल्हापूरकडे वडाप, रायगड जिल्ह्यात मिनिडोअर, कर्जत-मुरबाडकडे टमटम. त्या त्या भागात तोच शब्द वापरला की काम लवकर होते. 'सीट'ने जायचे की 'स्पेशल', हे बसण्याआधी ठरवायचे. सीटने जायचे म्हणजे गाडी भरेपर्यंत थांबायचे. समजा दहा जणांची जीप आहे आणि सीटचे चाळीस रुपये. तुम्ही सहा जण असाल तर रिकाम्या चार जागांचे एकशे साठ रुपये वाटून घेतले की माणशी सत्तावीसच रुपये वाढतात आणि गाडी लगेच सुटते. शेवटची एसटी चुकण्यापेक्षा हे कधीही परवडते. पण एकटा माणूस असेल तर तीनशे साठ रुपये जास्त जातात, त्याने थांबावे किंवा चालावे. ज्या घरी जेवलात त्यांनाच जीपवाल्याचा निरोप सांगायला लावावा. फोन लागला नाही तरी गावात निरोप पोहोचतो.

पुढचा टप्पा नाणेघाट ते भीमाशंकर. इथे मध्ये बाहेर पडायला जागा बऱ्या आहेत: जुन्नर तालुक्यातले घाटघर, दुर्ग किल्ल्याजवळचे हातवीज, पुढे आंबेगाव तालुक्यातले आहुपे. हातवीज जुन्नरला जोडलेले, आहुपे घोडेगाव-मंचरला. या गावांतून सकाळची गाडी धरणेच बरे, दुपारनंतर फार आशा ठेवू नये. भीमाशंकरला मात्र भाविकांमुळे पुण्याच्या गाड्या भरपूर. पुण्याचे शिवाजीनगर एसटी स्थानक २०१९ च्या अखेरीपासून वाकडेवाडीला हलवले आहे, ते लक्षात ठेवून पुढची जोड ठरवावी. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे चालत आलेल्या माणसालाही गाडीत शिरणे कठीण जाते. त्या दिवसांत टप्पा आहुप्यालाच तोडावा.

मुंबईकराने भीमाशंकरहून पुण्याला जाऊन रेल्वेने परत येणे म्हणजे द्राविडी प्राणायाम. गणेश घाटाने तीन-चार तासांत खांडस, तिथून टमटम किंवा एसटीने कशेळे, कशेळ्याहून कर्जत किंवा नेरळ. लोकल दोन्हीकडे. शिडी घाट जवळचा असला तरी तिथल्या लोखंडी शिड्या आणि ओला कातळ मोठ्या सॅकला मानवत नाहीत. खांडसला दुपारी तीनपर्यंत पोहोचावे, कारण संध्याकाळी कशेळ्यापर्यंत रिकामी येणारी टमटम क्वचितच असते. पुण्याचा माणूस खांडसला उतरला तरी त्याचे अडत नाही. खंडाळ्याच्या चढासाठी मागे इंजिने जोडायला बऱ्याच गाड्या कर्जतला थांबतात, त्यांतल्या अनारक्षित डब्यात जागा मिळाली तर दोनेक तासांत पुणे.

तोरणा ते रायगड या टप्प्यात सुरुवात सोपी आणि शेवट अवघड आहे. स्वारगेटहून वेल्ह्याला गाडी मिळते. तालुक्याचे नाव आता राजगड झाले असले तरी गाडी वेल्ह्याच्याच नावाने विचारावी. ती पुणे-सातारा रस्त्यावरच्या नसरापूर फाट्याला, म्हणजे चेलाडीला वळून मार्गासनीवरून जाते. पुढे मोहरी-सिंगापूरपासून बोराट्याची नाळ किंवा सिंगापूर नाळ उतरून कोकणात आलात की मागे फिरण्याचा मार्ग बंद झाला असे समजावे. पाय दुखावला असेल, कुणाला ताप असेल, तर नाळेच्या तोंडाशीच निर्णय घ्यावा आणि वेल्ह्याकडे परतावे. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडहून महाडला एसटी आणि मिनिडोअर आहेत. महाड मुंबई-गोवा महामार्गावर असल्याने पनवेल-मुंबईची गाडी रात्रीही मिळते, फक्त गणपती आणि शिमग्याच्या आगेमागे नाही. कोकण रेल्वेचे वीर स्थानक नकाशावर जवळ दिसते, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात, त्यांची वेळ जुळत नसेल तर त्या नादी लागू नये. महाड-पुणे मार्गावर वरंधा घाट आहे. पावसाळ्यात तो अनेकदा बंद ठेवतात, मग गाड्या माणगावहून ताम्हिणी घाटाने जातात आणि प्रवास लांबतो. भोरमार्गे जाणारी गाडी आहे का, हे महाडला विचारूनच तिकीट काढावे.

पन्हाळा ते विशाळगड ही चाल दोन्ही टोकांना कोल्हापूरशी जोडलेली असल्याने परतीच्या दृष्टीने सर्वांत सोपी. मलकापूरला येऊन गाडी बदलली की झाले.

रेल्वेबाबत तीन गोष्टी. कसाऱ्यापर्यंत लोकल आहे, इगतपुरीला नाही. लोकलचे तिकीट मेल-एक्स्प्रेसला चालत नाही, त्यामुळे इगतपुरीहून येताना वेगळे तिकीट काढावे लागते आणि कसाऱ्याची शेवटची लोकल चुकली तर तोच एक उपाय उरतो. मोबाइलवरचे कागदविरहित तिकीट स्थानकाच्या आवारात शिरल्यावर निघत नाही, ते बाहेरच काढावे. बॅटरी संपत आली असेल तर सरळ खिडकीवर जावे, कारण दाखवता न येणारे तिकीट हे तिकीट नव्हे. तिसरी गोष्ट गंभीर आहे: स्टोव्हचे गॅसचे डबे, रॉकेल, पेट्रोल हे रेल्वेत नेणे रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे. 'छोटासाच डबा आहे' हे कारण गर्दीच्या लोकलमध्ये चालणार नाही आणि चालू नये. जेवण गावातल्या घरी सांगावे. पिठले-भाकरीचे पैसे त्या घरात जातात आणि सॅकही हलकी होते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ पासूनचे अभयारण्य आहे, तिथे चुली पेटवण्यापेक्षा ते बरेच.

गाडीत बसताना चिखलाचे बूट बदलावेत, काठ्या बांधून घ्याव्यात, सॅक मधल्या वाटेत न ठेवता मागच्या सीटखाली किंवा चालकामागच्या जागेत वाहकाला विचारून ठेवावी. या गाड्या आपल्यासाठी सुटलेल्या नाहीत. त्यात दवाखान्याला निघालेली म्हातारी आणि परीक्षेला निघालेली मुलगी असते, त्यांची जागा आधी.

एसटी महामंडळाकडे आमच्या दोन मागण्या आहेत. खुबी, कशेळे, चेलाडी अशा फाट्यांवरच्या निवाराशेडमध्ये दोन्ही दिशांच्या गाड्यांच्या वेळा रंगवून लावाव्यात, रविवारी नसलेल्या फेरीपुढे फुली मारावी आणि मुक्कामी फेरीपुढे तसे लिहावे. एक डबा रंग आणि एक रंगारी, एवढाच खर्च. त्याचा पहिला लाभ गावकऱ्यांना होईल. दुसरी, ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात रविवारी संध्याकाळी आळेफाटा-कल्याण मार्गावर एक साधी जादा गाडी सोडून पाहावी. प्रवासी फाट्याफाट्यांवर उभेच असतात.

आपल्याकडे मागणी एकच. डोंगरवाटेच्या प्रत्येक लेखाखाली परतीची एक छोटी चौकट द्यावी. तिचा नमुना असा: 'उतरण्याचे गाव: खिरेश्वर, ता. जुन्नर, जि. पुणे. पक्का रस्ता: खुबी फाटा, ५ किमी, पायी सव्वा तास. गाड्या: कल्याण व आळेफाटा, दोन्ही दिशा. चौकशी: नारायणगाव आणि कल्याण आगार. गाडी न थांबल्यास: उलटे ओतूर किंवा आळेफाटा. घाट बंद असल्यास: आळेफाट्याहून पुणे. देवळापासून निघण्याची शेवटची वेळ: सकाळी पावणेअकरा. वेळा तपासल्याची तारीख: …' ही शेवटची तारीख कोरी सोडू नये, तिच्याशिवाय बाकीच्या चौकटीवर विसंबता येत नाही.

आपले,
डोंगररांग टप्प्याटप्प्याने चालणारे काही वाचक,
कल्याण आणि पुणे